खांबाआडचं जेवण

माझा धाकटा मामा कवळ्या बनवतो. तो दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि त्यावरून दात उभे करायचं काम मामाचं. एका जुन्या इमारतीच्या तळघरात त्यांची कार्यशाळा आहे. लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायच्या छोट्या शेगड्या, आणि पंखा कितीही जोरात लावला तरी न जाणारा एक गोडूस, डोक्यात चढणारा वास. तिथे बसून बसून मामा एका खांद्याने जरासा वाकडा झालाय. गल्लीत त्याला सगळे बत्तीशीवाले म्हणतात. लहानपणी मला ते आमच्या आजोळचं आडनावच वाटायचं, आणि शाळेत एकदा मी तसं सांगूनही आले होते.

स्वभावाने तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची खोड एकच. समोरचा बोलायला लागला की मामा त्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. कोण कुठल्या बाजूने चावतं, कुणाचा कुठला दात झिजलाय, कोण झोपेत दात खातं, हे त्याला आपोआप दिसतं. मी लग्न ठरवलं आणि मुलाला मामाच्या घरी घेऊन गेले, तेव्हा तो संध्याकाळभर गप्प होता. आम्ही निघताना म्हणाला, "खालचा जबडा मजबूत आहे." मामीने लगेच सांभाळून घेतलं. "म्हणजे मुलगा आवडला असं म्हणायचंय त्यांना," ती म्हणाली.

मामी औषधांच्या गोदामात पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहायचं काम, पण तिच्या हाताला उरक भारी. घरातलं सगळं तीच बघते. मामाचे शर्ट, मोजे, त्याच्या चष्म्याची दोरीसुद्धा तीच आणते. त्यांची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दोघंच. मध्यंतरी मामीच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा काढाव्या लागल्या. मामाने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने दोन दात बनवले, काढता-घालता येणारे, बारीक तारेच्या आकड्याचे. कितीतरी रविवार त्यात घातले. मामीने ते थोडे दिवस लावले, मग टोचतात म्हणाली आणि डबीत ठेवून दिले. तेव्हापासून ती डाव्या बाजूने चावते. मामाने दोनदा आकडा घासून दिला, तरी टोचतातच म्हणाली. मामाला ते लागलं असणार, पण तो बोलला नाही.

त्याचं हे सगळं व्यवस्थित चाललेलं एका सुट्टीने विस्कटलं. तीही मागून घेतलेली नव्हे, अंगावर येऊन पडलेली.

झालं असं की एका सकाळी मामा नेहमीसारखा कामावर गेला, तर कार्यशाळेतले सगळे फुटपाथवर उभे. पाण्याची मोठी नळी फुटून तळघरात गुडघाभर पाणी साचलं होतं. प्लास्टरचे जबडे बुडाले होते, पण मेणाचे तरंगत होते. मालक पायरीवर उभा राहून पाण्यावर हिंडणाऱ्या त्या गुलाबी हिरड्यांकडे बघत होता आणि त्याला रडावं की हसावं कळत नव्हतं. पंप लावलाय, आज काही होणार नाही, सगळ्यांनी घरी जा, असं त्याने सांगितलं.

बाकीचे खुशीत पांगले. मामा तिथेच उभा राहिला. आठवड्याच्या मध्येच, भर सकाळी, हातात काही काम नाही, अशी वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. आजारी पडला तरी तो रविवारी पडायचा. घरी जावं तर घर रिकामं. मामी त्याच्याही आधी कामावर निघालेली. तिला फोन करावा तर कामाच्या वेळी फोन करू नका, कपाटात ठेवावा लागतो, असं तिने फार पूर्वी सांगून ठेवलेलं. तो नुसता चालायला लागला. पाय नेतील तिकडे गेलो, असं तो सांगतो. पाय त्याला बाजाराच्या रस्त्याला घेऊन गेले.

हा रस्ता तो रोज कामावरून येताना बघायचा, पण दुकानं अर्धी बंद झालेली असताना. त्या दिवशी सगळं उघडं होतं. फुटपाथवर पायऱ्या धुतलेल्या पाण्याचे ओघळ, दारादारांतून बाहेर काढलेले पुतळे, आणि चौकातल्या चार मजली दुकानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फडकणारा लाल कापडी फलक: सगळ्यावर पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस. मामाने मनातल्या मनात बेरीज केली. सत्तर टक्के सूट म्हणजे जवळजवळ फुकटच. एवढं स्वस्त मिळत असताना आपण इतकी वर्षं कुठे होतो, असं त्याला वाटलं, आणि तो आत शिरला.

आत गेल्यावर त्याला कुणी चालू दिलं नाही, गर्दीने उचलूनच नेलं. टेबलांवर कपड्यांचे ढीग आणि ढिगांत कोपरापर्यंत हात घातलेल्या बायका. कोण काय शोधतंय कळेना. मामा एका ढिगापाशी थांबला, तर तो लहान मुलांच्या कपड्यांचा निघाला. दुसरीकडे गेला, तिथे पडद्यांचं कापड. शेवटी एका विक्रेतीला दया आली. काय हवंय, तिने विचारलं. काय हवंय हे मामाला सांगता येईना, म्हणून तो म्हणाला, जॅकेट. तिने माप विचारलं. दुसऱ्याच्या तोंडाचं माप केसाइतकंही चुकू न देणाऱ्या माझ्या मामाला स्वतःच्या छातीचं माप ठाऊक नव्हतं. "घरी विचारून सांगतो," असं म्हणून त्याने फोन काढला, आणि घरी कुणी नाही हे आठवून परत खिशात ठेवला.

त्या मुलीने अंदाजाने चार-पाच जॅकेटं अंगाला लावून बघितली. त्यातलं एक मोहरीच्या रंगाचं होतं. मामाच्या आयुष्यात करडा, तपकिरी आणि फार तर गडद निळा एवढेच रंग. आरशात त्याला कुणीतरी वेगळाच गृहस्थ दिसला. छान दिसतंय, विक्रेती म्हणाली. असेल, मामा म्हणाला. मग त्याने सत्तर टक्क्यांचा हिशोब विचारला, तेव्हा तिने समजावलं की आधी निम्मी किंमत होते आणि त्या निम्म्यावर वीस टक्के कमी होतात, म्हणजे एकूण सूट साठ टक्के. मग मधले दहा टक्के गेले कुठे, मामाने विचारलं. ते गेले नाहीत, ते नव्हतेच, असं ती शांतपणे म्हणाली. मामाला पटलं नाही, पण तोडही सुचेना. त्याने जॅकेट घेतलं, आणि आपली जुनीच वस्तू असल्यासारखं अंगातच घातलं.

बाहेर पडताना अजून एक प्रकार झाला. दाराजवळच्या टेबलावर मोडकीतोडकी, उरलीसुरली चीजवस्तू ठेवलेली होती. तिथे दिव्यावर बसवायची एक कापडी टोपी होती, हिरवी, काठाला झालर. मामाने ती नुसती बघायला उचलली. तेवढ्यात पलीकडून एका बाईने तीच टोपी धरली. मामाला ती नको होती. पण बाईंनी जरा जोर लावला, तसा मामाने हात घट्ट केला. का केला, हे त्याला आजही सांगता येत नाही. बाई पुटपुटत निघून गेल्या आणि टोपी मामाच्या हातात राहिली. ज्या दिव्यावर ती बसेल असा दिवाच घरात नव्हता. तरी त्याने ती घेतली.

दुपार झाली होती. भूक लागली होती. रोज त्याचं जेवण शेजारच्या खानावळीतून कार्यशाळेतच येतं आणि सगळे मिळून जेवतात. हॉटेलात एकट्याने जाऊन बसायची त्याची ही पहिलीच वेळ. चौकातच, वरच्या मजल्यावर, मोठ्या काचांचं एक हॉटेल आहे. जिना चढून तो दारात उभा राहिला. पोक्त वयाच्या वेटरने किती जण म्हणून विचारलं, तेव्हा मामाने मागे वळून बघितलं आणि मग म्हणाला, "मी एकटाच." वेटरने त्याला स्वयंपाकघराच्या दाराजवळ, एका जाड खांबाआडचं छोटं टेबल दिलं. मामाने जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला लावलं, दिव्याची टोपी समोरच्या खुर्चीवर ठेवली, आणि इकडे तिकडे बघितलं.

खिडकीशी मामी बसली होती.

आधी त्याला वाटलं, मामीसारखी दिसणारी दुसरी कुणी असेल. गळ्यात निळा रुमाल होता, तो त्याने कधी बघितला नव्हता. पण बसायची ढब, चमचा धरायची पद्धत, कानामागे केस सारणं, सगळं तिचंच. या वेळी ती गोदामात उभी असायला हवी होती. इथे ती पाठ टेकून, पाय लांब करून, सूप पीत बसली होती. घाई कसली ती नाही. एक चमचा प्यायचा, खाली रस्त्याकडे बघायचं, मग दुसरा. शेजारच्या खुर्चीवर चौकातल्या त्याच दुकानाची पिशवी.

मामाच्या डोक्यात एकदम सगळं गरगरलं. तिची नोकरी गेली की काय? गेली असेल तर सांगितलं का नाही? की कुणाची वाट बघतेय? समोरची खुर्ची रिकामी होती. मामा त्या रिकाम्या खुर्चीकडे डोळे लावून बसला. तिथे कुणी येऊन बसेल याची त्याला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती, कारण कुणी आलं असतं तर निदान काहीतरी कळलं असतं. कुणी आलं नाही. वेटरने तिच्यासमोर तळलेला मासा आणि बटाटे ठेवले. तिने बटाट्यांवर भरपूर मिरपूड घातली. घरी ती मिरीचा दाणा ताटात आला तरी बाजूला काढते. मासा घरी होतो, पण काटे काढत कोण बसणार म्हणून ती दोन घास खाऊन उठते. इथे ती एकेक काटा सोडवून ताटाच्या कडेला ठेवत होती, एखादं आवडीचं काम करावं तसं.

आणि मग मामाला ते दिसलं. मामी उजव्या बाजूने चावत होती.

मधे सगळं हॉटेल होतं, तरी त्याची चूक होणं शक्य नव्हतं. गालाची हालचाल, हनुवटीचा तो हलका तिरपेपणा. तिच्या तोंडात दात होते. त्याने बनवलेले. टोचणारे. ते टोचत असल्याची एकही खूण तिच्या चेहऱ्यावर नव्हती. ती मजेत चावत होती.

मामा सांगतो की तिथे कुणी परका माणूस येऊन बसला असता तरी तो इतका चक्रावला नसता. उठून तिच्यापाशी जावं, असं त्याच्या मनात आलं. काय म्हणणार? तू इथे कशी, असं विचारावं, तर तीही तेच विचारणार. त्याच्याकडे निदान फुटलेल्या नळीचं कारण होतं. तरीही चोरी आपलीच पकडली जाईल असं त्याला वाटत होतं. शेवटी त्याने फोन काढला आणि तिला लावला.

खिडकीपाशी फोन वाजला. मामीने फोनच्या पडद्याकडे बघितलं. तिने फोन उचलला नाही. टेबलावर पालथा घातला आणि परत माशाकडे वळली. दोन घास झाले. मग तिने काटा खाली ठेवला, फोन सुलटा केला आणि काहीतरी लिहिलं. मामाच्या हातात निरोप आला: कामात आहे. काही तातडीचं?

मामाने उत्तर दिलं: काही नाही. सहज.

ते वाचून मामी बराच वेळ फोनकडे बघत राहिली. मामाने इतक्या वर्षांत तिला सहज म्हणून कधी फोन केला नव्हता. आता तीही गोंधळली होती, एवढं त्याला खांबाआडूनसुद्धा कळलं.

वेटर काय घेणार म्हणून विचारायला आला. मामाने यादी न वाचताच बोट केलं. "त्या बाईंनी घेतलंय ना, तेच द्या." मग आवाज शक्य तितका साधा ठेवून त्याने विचारलं, की त्या बाई नेहमी येतात का. वेटर गप्पिष्ट निघाला. महिन्यातून एकदा येतात, तो म्हणाला, त्यांना महिन्यात एक जादा सुट्टी असते, त्या दिवशी. नेहमी एकट्या. नेहमी खिडकी. आधी खरेदी करून येतात, काय स्वस्तात मिळालं ते दाखवतात, मग निवांत जेवतात. स्वभाव फार छान. आणि जाताना अक्रोडाच्या केकचा एक तुकडा बांधून नेतात.

तो केक मामाला चांगलाच माहीत होता. दर महिन्याला मामी कामावरून येताना तो आणायची आणि आज गोदामात कुणाचा तरी वाढदिवस होता असं सांगायची. मामा तो आवडीने खायचा. गोदामात माणसं किती आणि वाढदिवस किती, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

सूप आलं, मासा आला. इतका बुचकळ्यात पडलेला माणूस जेवणार कसा, असं आपल्याला वाटेल. पण मामा जेवला, आणि चांगला जेवला. मासा कुरकुरीत होता. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, त्यालाही कुणाशी बोलायचं नव्हतं. बटाट्यांवर त्यानेही मिरपूड घालून बघितली. मधेच त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि अशा वेळी बरं वाटणं योग्य आहे का, याचा आणखी एक गोंधळ त्यात वाढला.

मामी उठली. केकचा पुडा घेऊन ती जिन्याकडे निघाली, आणि जिन्याची वाट खांबाजवळूनच जात होती. मामा पटकन वाकून टेबलाखाली शिरला, काहीतरी पडलं असावं तसा. तिथून त्याला फरशी दिसली आणि मामीच्या चपला दिसल्या. चपला आल्या, टेबलापाशी आल्यावर थांबल्या. मग पुढे गेल्या. मामा बाहेर आला तेव्हा वेटर पाण्याचा जग घेऊन उभा होता आणि काही मदत हवी का विचारत होता.

संध्याकाळी मामी नेहमीच्या वेळेला घरी आली. गळ्यात रुमाल नव्हता. मामा स्वयंपाकघरात बसला होता; टोपी आणि जॅकेट त्याने आतल्या खोलीत दडवलं होतं. तिने हातपाय धुतले, चहा टाकला, पुडा सोडून केक त्याच्यापुढे ठेवला. वाढदिवसाचं काही बोलली नाही. चहा गाळता गाळता, पाठमोरीच म्हणाली, "दुपारी टेबलाखाली काय शोधत होतात?"

मामाने नळीपासून सुरुवात केली. तरंगणारे जबडे, मालक, सेल, दहा टक्के, सगळं एका दमात सांगितलं. मामी ऐकत होती. मोहरीच्या रंगाचं जॅकेट बघून नवल वाटलं, मग वाकलेली पाठ ओळखीची वाटली, म्हणून थांबले, असं तिने सांगितलं. हाक मारणार होते, पण म्हटलं एवढे लपताहेत तर लपू द्यावं.

विचारायच्या गोष्टी मामाकडे ढीगभर होत्या. सुट्टी का लपवली, खोटं का सांगितलं, फोन का पालथा घातला. तोंडून निघालं ते वेगळंच.

"दात टोचतात म्हणाली होतीस."

"टोचत नाहीत," मामी म्हणाली. "कधीच टोचले नाहीत. उत्तम बसलेत."

"मग?"

मामी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "घरी ते घालून जेवायला बसले ना, की तुम्ही बघत बसता. घास तोंडात गेला की तुमचं लक्ष तिथेच. नीट बसलेत का, कुठे घासतात का, जास्त जोर पडतो का. मी गिळेपर्यंत तुम्ही थांबलेले असता. मला जेवायचं असतं हो, तपासणी नको असते."

"मी बघतो?"

"तुम्हाला कळतसुद्धा नाही. मला माहितेय, तुम्ही मुद्दाम करत नाही. म्हणून तर बोलले नाही."

मग त्याने सुट्टीचं विचारलं. तिने काही आडपडदा ठेवला नाही. ही जादा सुट्टी लागू झाली त्या पहिल्या महिन्यात ती सांगायला विसरली, ती खरोखरच विसरली. त्या दिवशी सहज बाजारात गेली, सहज जेवली. दुसऱ्या महिन्यात सांगावंसं वाटलं नाही. पुढे सांगायची वेळच निघून गेली. केक मात्र पहिल्यापासून आणते, कारण एकटीने खाल्ला की घशाखाली उतरत नाही.

"बाकी सगळं उतरतं?" मामाने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाकी सगळं छान उतरतं," मामी म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं. मामा म्हणतो, मी हसलो, पण नेमकं कशाला ते मला कळलं नाही.

त्यानंतरचे काही दिवस घरात फार विचित्र गेले. मामीने दात लावून जेवायला सुरुवात केली आणि मामाने तिच्याकडे न बघायला. तो ताटात बघायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा, खिडकीबाहेर बघायचा. शेवटी मामी वैतागली. भिंतीशी भांडण झाल्यासारखं काय जेवता, म्हणाली. मग बघू कुठे, मामाने विचारलं. हे काय सांगायला लागतं का, मामी म्हणाली. त्याला खरोखरच सांगायला लागत होतं. डोळ्यांकडे बघायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, आता काय झालं, असे टक लावून काय बघताय? अजूनही त्याची नजर कधी चुकून खाली घसरते आणि मामी चमचा ताटावर वाजवते.

पुढच्या सुट्टीला मामीने त्याला बरोबर चला म्हटलं. त्याने मालकाला विचारून रजा घेतली. दोघं दुकानात गेले. मामीने त्याच्यासाठी बनियन बघितले, मोजे बघितले, मुलीसाठी स्वेटर बघितला; स्वतःसाठी काहीच बघितलं नाही. हॉटेलात खिडकीची जागा मिळाली. मामीने त्याला रस्ता दिसेल अशा खुर्चीवर बसवलं आणि आपण पाठ करून बसली. त्याच्या माशाचे काटे काढून दिले. मीठ हवं का, पाणी हवं का, थंड झालं का, हे सगळं झालं. स्वतःचं जेवण तिने भराभर उरकलं, घरी उरकते तसंच. वेटर आला, नेहमीसारखा हसला, पण बोलला नाही. मामाला ते सगळं समोर दिसत होतं आणि ते कसं थांबवावं हे कळत नव्हतं. तिला सांगावं तर काय सांगणार? माझी काळजी घेऊ नकोस म्हणून?

त्याच्या पुढच्या महिन्यात मामीने परत विचारलं. मामाने सांगितलं, जमणार नाही, काम फार आहे. काम फारसं नव्हतं. मामीने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, मग गळ्याला निळा रुमाल बांधला आणि निघाली.

हे सगळं मला मामानेच सांगितलं. एकदा मी मधल्याच वारी काही कामाने त्यांच्या भागात गेले होते. कुणी घरी असलं तर भेटू म्हणून दार वाजवलं, तर मामाने उघडलं. तो आता महिन्यातून एक दिवस रजा घेतो, मामीच्या सुट्टीचा दिवस सोडून. मामीला माहीत आहे. आम्ही चहा घेतला आणि तो अशा सुरात बोलत गेला, की जणू मी ऐकून काहीतरी निकाल देणार आहे.

"तुला राग आला होता का रे?" मी विचारलं.

"राग नाही गं." त्याने डोकं खाजवलं. "रागावायला काही कळावं तर लागतं. ती सुखी आहे ना माझ्याबरोबर? आहे. मग तिथे जास्त सुखी का दिसत होती? आणि मला तिकडे एकट्याला छान का वाटलं? मी तर तिच्याशिवाय मोजेसुद्धा घेऊ शकत नाही. याचा काही मेळ बसतो का तुला?"

मला बसत नव्हता. मी तसं सांगितलं. त्याला जरा बरं वाटलं असावं. तो उठला, कप विसळले, मोहरीच्या रंगाचं जॅकेट अंगात घातलं. कुठे जाणार, मी विचारलं. अजून ठरलं नाही, म्हणाला, तळ्याकडे जावं की बाजारात. सुट्टीच्या दिवशी लोक काय करतात ते त्याला अजून नीट जमलेलं नाही.

माझं काम झालं होतं, दुपार मोकळी होती. "मी येऊ सोबत?" मी म्हटलं.

"ये की," मामा म्हणाला. पण हे तो लगेच म्हणाला नाही. मधे थोडा वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात त्याने कुलपाशी उगाच खाटखूट केली.

मग मला आठवलं की मला घरी लवकर जायचं आहे. तसं मी सांगितलं. जिना उतरून आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर आलो. घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग, तो म्हणाला. मी डावीकडे वळले. मागे बघितलं तेव्हा तो अजून तिथेच उभा होता आणि आधी एका रस्त्याकडे, मग दुसऱ्या रस्त्याकडे बघत होता.